डोळ्यांचा डॉक्टर

१३ ऑक्टोबर १९९७

आजपासून मी लिहिणार आहे, कारण या घरात माझ्याशी बोलायला कोणाला वेळच राहिलेला नाही. सकाळपासून एकच विषय. पिंपळगावचे मुरलीधर काका, म्हणजे आमच्या मावशीचे यजमान, ताईसाठी स्थळ घेऊन आलेत. मुलगा दिंडोरीकडचा, नाव चंदर. आणि करतो काय? काकांनी कप खाली ठेवला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “डॉक्टर हाय.”

अप्पा उठून उभेच राहिले. “डॉक्टर? कशाचा?”

“डोळे तपासतो. मशिनीखाली ठेवून तपासतो. आमच्याकडची भली भली मानसं त्याला न्यायला गाडी पाठवतेत. एकदा डोळे बघितले की पुढचं सगळं वर्स सांगतो, काय येनार, काय न्हाई येनार.”

“माय व माय!” झुंबर आत्या म्हणाली. “भविष्य बी सांगस?” आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. राहते शेजारच्या घरात, पण असते आमच्याच घरात.

अप्पांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. आमच्या अख्ख्या भावकीत आजवर सगळ्यात शिकलेला जावई म्हणजे कारभारी नानांचा, तो ग्रामसेवक आहे. नाना ते वाक्य रोज एकदा तरी अप्पांना ऐकवतात. आता अप्पांकडे डॉक्टर येणार.

ताई चुलीपुढे बसून ऐकत होती. भाकरी करपली तरी तिला कळलं नाही. ताईची भाकरी करपलेली मी पहिल्यांदा पाहिली.

मला काय, बरंच आहे. ती गेली तर पलंग माझा एकटीचा, आरसा माझा एकटीचा, आणि “पल्ले, केसाला तेल लाव” म्हणणारं कोणी नाही. फायदाच फायदा.

१५ ऑक्टोबर

कॉलेजला गेले, तर सटाण्याच्या स्टँडवर आमच्या गावच्या तीन बायकांनी मला अडवून विचारलं, डोळ्यांचा डॉक्टर कधी येणार? बयाबाईंनी तर त्यांच्या म्हाताऱ्याचा नंबर आधीच लावून ठेवला. म्हटलं, अहो, तो मुलगी बघायला येतोय. तर म्हणे, “मंग काय झालं, मुलगी बघताना दुसरं काय दिसत न्हाई का त्याला?”

अप्पांनी सांगितलंय सगळ्या गावाला. ज्याला सांगायचं राहिलं असेल, त्याला आत्यानं सांगितलं.

१७ ऑक्टोबर

झाला एकदाचा बघण्याचा कार्यक्रम. सगळं लिहून ठेवते.

पोहे मी केले. त्यात मिरच्या जरा जास्त पडल्या. हात चुकला, दुसरं काही नाही. ताईनं घास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी आणायच्या निमित्तानं पळालेच. पण त्या चंदरनं सगळे खाल्ले! कान लाल, नाक लाल, डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि तरी म्हणतो, “छान झालेत.” आत्या कौतुकानं म्हणाली, डॉक्टर मनाचा हळवा दिसतोय.

दिसायला बारीक आहे. हात खरबरीत, नखांत निळंहिरवं काहीतरी अडकलेलं. डॉक्टरची नखं अशी असतात होय? अप्पा मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, “काय भरदार पोरगा हाय, न्हाई?” अप्पा हल्ली कशाचंही कौतुक करतात.

खरी मजा पुढेच आहे. गोठ्याच्या छपरावर आमचा एक द्राक्षाचा वेल आहे. मावशीनं दिलेला, आजवर त्याला एक घड धरलेला नाही. सावली पडते म्हणून अप्पांनी परवाच त्याच्यावर कोयता चालवला. चंदर हात धुवायला तिकडे गेला आणि वेलाकडे बघतच राहिला. काडी वाकवून बघ, साल खरवडून बघ. आत्यानं ती संधी साधली. मागून जाऊन म्हणाली, “डॉक्टर, डाव्या डोयातून पाणी येतं सारखं.”

तो मागे न बघता म्हणाला, “छाटणी कधी केली?”

“छाटणी?” आत्याचा आवाजच बसला.

“आत्ताच कापला असेल तर पाणी येणारच. घाबरायचं काही नाही. कापल्या जागी पेस्ट लावा. बाकीचे डोळे बघू, आठवड्याभरात फुटले पाहिजेत.”

आत्या तिथंच मटकन बसली. मग उठून घरात आली आणि तिनं डाव्या डोळ्यावर पदर धरला, तो जेवणं होईपर्यंत काढला नाही. किती उद्धट माणूस! म्हातारं माणूस दुखणं सांगतंय, आणि हा मागे वळून तिच्याकडे बघत पण नाही.

जेवणानंतर ताईला आणि त्याला बोलायला म्हणून कांद्याच्या रोपाकडे पाठवलं. मी दारातून बघत होते. आधी दोघं खाली मान घालून चालली. मग तो काहीतरी बोलला. ताई थांबली. तिनं काहीतरी विचारलं, त्यानं आत्याकडे बोट दाखवलं, आणि ताईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. खांदे हलत होते तिचे. मला वाटलं रडतेय, मी धावले. तर ती हसत होती! आई गेल्यापासून मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

“काय गं, काय झालं?”

“डोळे,” एवढंच म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली.

मला नाही आवडला.

जाताना त्यानं अप्पांना विचारलं, “मामा, उन्हात जास्त अंधुक दिसतं का हो तुम्हाला?” डॉक्टरकी दाखवायची हौस! अप्पा म्हणाले, “छे, मला काय धाड भरलीय?” आणि निरोप द्यायला म्हणून हात जोडले, ते त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या काकांना. काकांचा आधीच दोनदा निरोप घेऊन झाला होता.

१९ ऑक्टोबर

दोन्हीकडून होकार. तुळशीचं लग्न उरकलं की साखरपुडा.

अप्पा आनंदात इतके वेंधळे झालेत की आज रोपातलं गवत काढता काढता निम्मा वाफा रोपच उपटून ठेवलं. चहा ओतला तो बशीच्या बाहेर. वर म्हणतात, पेपरवाल्यांनी हल्ली शाई वाचवायला सुरुवात केलीय.

ताई एकदम शेतकी झाली आहे. सटाण्याहून येताना मला शेतीचं साप्ताहिक आणायला सांगितलं. म्हटलं, तुला कशाला? तर म्हणे, “भुरी आणि डावण्या या पिकांच्या रोगांतला फरक वाचायचाय.” डॉक्टरशी लग्न ठरल्यावर माणसानं शरीरशास्त्र वाचावं. प्रेमात माणसाचं डोकं फिरतं म्हणतात, ते हेच असावं.

२४ ऑक्टोबर

आजचं आजच लिहिते.

दिवाळीचं सामान मावशीकडे पोचवायचं होतं. आमचे शेजारी इसाकचाचा टेम्पोनं कांदा घेऊन पिंपळगावला निघाले होते, त्यांच्याबरोबर गेले. मावशीच्या घराच्या अलीकडे रस्त्याला लागून द्राक्षांच्या बागा आहेत. तिथं एका बागेत तो. चंदर! डोक्याला रुमाल बांधलेला, मोटरसायकल बांधाला टेकवलेली. चाचांनी गाडी बाजूला घेतली, म्हणाले, “बेटी, ये तो तुम्हारे जमाईराजा लगते हैं. बोल के आ, मी पाणी पितो तोवर.”

मी पुढे न जाता चाचांजवळच कडेला उभी राहिले. बागेचा मालक हात वर करून ओरडत येत होता. “डॉक्टर! डोळे फुटले! सगळेच्या सगळे फुटले!”

मी चाचांचा दंड धरला.

आणि तो चंदर काय म्हणाला? “अभिनंदन! एकदम फुटले का मागंपुढं?”

“एकदम! तुम्ही लावायला सांगितलेली पेस्ट लावली, आन आठव्या दिवशी बघतो तर सगळे डोळे बाहेर!”

मला भोवळ यायची बाकी होती. मग मालकानं काडी धरून त्याच्यापुढे केली. काडीवर जागोजागी छोटे फुगीर ठिपके, त्यातून पोपटी कोंब निघालेले. चंदरनं खिशातून भिंग काढलं, एकेक ठिपका बघितला आणि म्हणाला, “या डोळ्यात घड आहे. हा डोळा वांझ.”

डोळे म्हणजे ते! वेलाच्या काडीचे डोळे! कोंब फुटतो ती जागा. इसाकचाचा एवढे हसले की रुमालानं तोंड पुसायला लागले. म्हणाले, या बाजूला द्राक्षांच्या औषधपाण्याचा सल्ला देणाऱ्याला डॉक्टरच म्हणतात, इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. आपल्या कांद्याच्या गावात कोणाला काय माहीत?

म्हणजे हा डोळ्यांचा डॉक्टर नाही. डॉक्टरच नाही. मी तशीच गाडीत जाऊन बसले. त्यानं मला पाहिलं नाही.

२५ ऑक्टोबर

फसवणूक! ताईची धडधडीत फसवणूक! बिचारी ताई, दहावीनंतर शाळा सोडली, माझ्या वेण्या घातल्या, माझे डबे केले, अप्पांचं पथ्यपाणी केलं, आणि तिच्या नशिबी हा असला औषध फवारणारा. मी धाकटी बहीण आहे, माझं कर्तव्य आहे. अप्पांना सांगितलं की संपलं. त्यांनी डॉक्टर जावई म्हणून गावभर पेढे वाटलेत. त्यांना कळलं की हे लग्न एका मिनिटात मोडतील.

चाचांना म्हटलं, कोणाला सांगू नका. ते म्हणाले, “मैं क्यों बोलूं? तेरे घर की बात, तूच ठरव.”

मी ताईसाठीच करतेय हे. उगाच कोणाला वाटायला नको.

२ नोव्हेंबर

दिवाळीत सांगणं बरं नव्हतं. फराळाच्या ताटावर कोणी रडारड करत नाही.

ताईनं मला नवीन ड्रेस शिवला, तिच्या हातचा. मोतिया रंगाचा. “मी गेल्यावर तुला कोण शिवणार,” म्हणाली. मी म्हटलं, “सटाण्यात दहा टेलर आहेत.” मग तो ड्रेस घालून दिवसभर फिरले.

६ नोव्हेंबर

आज सांगणारच होते.

दिवेलागणीला अप्पा गोठ्यात गाईला वैरण टाकत होते. आत्या तिच्या घरी, ताई पाण्याला गेलेली. मी आत गेले, खुंट्याजवळ उभी राहिले, तोंड उघडलं. अप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, “संध्या, बरं झालं आलीस. बस जरा.”

संध्या म्हणजे ताई. मी म्हणणार होते, अप्पा, मी आहे. पण ते बोलायलाच लागले.

“आधीची दोन ठिकानं तू नको म्हनालीस. एकाचं घर लांब, एकाचं नाक लांब. तुला वाटलं मला कळलं न्हाई. अगं, नाक बघून न्हाई म्हननारी तू न्हाईस. तू धाकलीपायी थांबलीस.”

मी खुंटा धरून खाली बसले.

“आई गेली तवा ती तुझा पदर मुठीत धरून झोपायची. सोडवायला गेलं की जागी व्हायची. तू कितीतरी दिवस रात्रभर एका कुशीवर निजलीस. आता ती मोठी झाली. तिला वाटतं तीच तुला सांभाळती. वाटू दे. पर आता थांबू नको गं तू. तिला तुझ्याबिगर जमंल. मला जमंल का ते माहीत न्हाई, पर माझं बघू नको.”

मग वैरणीची पेंढी सोडत म्हणाले, “तिला यातलं काय सांगू नको. रडंल. आन ती रडली की मला बघवत न्हाई.”

मी अगदी समोर होते. हात लांब केला असता तर त्यांच्या टोपीला लागला असता. तरी त्यांना मी कोण आहे ते दिसलं नाही. रोप, चहा, पेपरची शाई, सगळं मला तेव्हा कळलं. अप्पा वेंधळे झालेले नाहीत. अप्पांना दिसत नाही.

मी ताईसारखा आवाज काढला. ती शब्द जरा ओढून बोलते, तसा. म्हणाले, “बरं अप्पा.”

आणि बाहेर आले. त्या चंदरचं काही सांगितलं नाही.

७ नोव्हेंबर

कॉलेजला गेले नाही. पोटात दुखतंय असं सांगितलं. ताईनं ओवा दिला आणि कपाळावर हात ठेवून बसली. पोटात दुखत असताना कपाळाला हात कशाला, असं म्हणणार होते, पण राहू दिलं.

मीच मुठीत धरून ठेवलं होतं तिला. आणि मला वाटत होतं मी तिला वाचवायला निघाले आहे. थू माझ्यावर.

पण मग आता करायचं काय? नाही सांगितलं तर ताई फसतेय. सांगितलं तर अप्पा लग्न मोडतील, आणि ताई पुन्हा भाकऱ्या करत बसेल, माझ्यापायी. मला तो माणूस अजूनही आवडत नाही. पण मिरचीचे पोहे संपवले त्यानं, ते कशाला, हे काल पहिल्यांदा कळलं. वाढणाऱ्याचं वाईट वाटू नये म्हणून.

९ नोव्हेंबर

चंदर अचानक आला. चेहरा असा की परीक्षेला निघालाय. ताईनं त्याला दारातूनच मान हलवून खूण केली, ‘सांगा’ अशी. काय सांगा? मला समजेना.

“मामा, तुमच्याशी जरा महत्त्वाचं बोलायचं होतं.”

“बोला की! पन आधी चला,” म्हणून अप्पांनी त्याचा हात धरला आणि त्याला गावातून मिरवायला नेलं. मी मागोमाग. अप्पा त्याचा हात घट्ट धरून चालत होते. लोकांना वाटलं, काय प्रेम! मला कळत होतं, खड्डा दिसत नाही म्हणून धरलाय. आणि मला वाटतं त्यालाही कळत होतं, कारण प्रत्येक दगडाशी तो आपसूक हळू होत होता.

बयाबाई म्हाताऱ्याला घेऊन ओट्यावर तयारच. “डॉक्टर, यांच्या डोळ्यांत बघा!”

“मावशी, मी तो डॉक्टर नाही हो—”

“आता सुट्टीवर हायेत ते,” अप्पा फुशारकीनं म्हणाले. “मोठे डॉक्टर असं रस्त्यात तपासत न्हाईत.”

पुढच्या ओट्यावर कारभारी नाना. “काय डॉक्टर, दवाखाना कुठं म्हनायचा तुमचा?”

“दवाखाना नाही, मी बागेत—”

“बागेत!” अप्पा म्हणाले. “आजूबाजूला बाग हाय, त्यात दवाखाना. हवा चांगली लागते पेशंटला.”

माझा हसून हसून जीव चालला होता आणि रडूही येत होतं. परत आल्यावर तो अंगणात डोकं धरून बसला. ताईनं पाणी दिलं. तो म्हणाला, “मी आज पण नाही सांगू शकलो.” ताई म्हणाली, “अप्पा बोलू देतील तर ना.”

म्हणजे ताईला माहीत आहे! पहिल्या दिवसापासून! कांद्याच्या रोपाशी ती त्यालाच हसत होती! आणि मी इथं कर्तव्य कर्तव्य करत पानं भरतेय. मी विचारलं तर ताई शांतपणे म्हणाली, “त्यांनी तेव्हाच सांगितलं. म्हणाले, काकांनी काय सांगितलंय ते माहीत नाही, पण मी वेलींचे डोळे बघतो. आत्याबाईंना मी काय बोललो ते आता समजतंय. मला ते फार आवडलं.”

“मग अप्पांना तू का नाही सांगितलंस?”

“त्यांनी गावभर सांगून टाकलंय गं. आता गावापुढं त्यांचं हसं होईल. ते माझ्यासाठी हसं सोसतील, की रागानं लग्नच मोडतील, मला सांगता येत नाही.”

मलाही सांगता येत नाही.

१५ नोव्हेंबर

काल साखरपुडा झाला. आज सगळं गाव तेच बोलतंय, म्हणून शहाणपणानं नीट लिहून ठेवते.

अंगणात मांडव. पाहुणे आले. ताईनं अंजिरी साडी नेसली होती आणि ती इतकी छान दिसत होती की मी तिचा गजरा उगाच दोनदा नीट केला. पाट मांडले, चंदर बसला. साखरेचा पुडा ताईच्या ओटीत घालायची वेळ आली आणि कारभारी नाना उभे राहिले.

“थांबा. एक शंका हाय. मी काल पिंपळगावला गेलो होतो, मार्केटात. तिथं चौकशी केली. हे चंदरराव डोळ्यांचे डॉक्टर न्हाईत. मानसांचे डॉक्टरच न्हाईत! हे द्राक्षाच्या वेली तपासतात. काय हो, खरं का खोटं?”

चंदर उभा राहिला. म्हणाला, “खरं आहे. मी शेतकी कॉलेजात शिकलो आणि बागांना सल्ला देतो. हे मी मामांना आधीच सांगायला हवं होतं. चूक माझी आहे.”

“चूक कशाची?” मुरलीधर काका ओरडले. “आमच्याकडं डॉक्टरच म्हनतेत! मी कवा म्हनालो मानसांचा?”

आत्या डाव्या डोळ्यावरचा हात काढून म्हणाली, “मंग मना डोयाची छाटनी?”

कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मग मागच्या रांगेत हशा पसरला. नाना हसत नव्हते, ते अप्पांकडे बघत होते, आणि त्यांची नजर मला अजिबात आवडली नाही. अप्पांचा चेहरा दगड झाला होता. ते उठायला लागले. उठायला आधार म्हणून त्यांचा हात मांडवाच्या मेढीकडे गेला, मेढ सापडली नाही, हात हवेतच चाचपडला. मला माहीत होतं ते आता काय बोलणार. ‘उठा’ म्हणणार. एकदा म्हणाले की ते शब्द फिरवणार नाहीत. ताई पाटावर डोळे मिटून बसली होती.

आणि मी ओरडले. एवढ्या माणसांत मी आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं.

“अप्पांना माहीत होतं!”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नाना म्हणाले, “काय माहीत होतं?”

“वेलींचे डॉक्टर आहेत ते. मी दिवाळीआधीच बघून आले पिंपळगावला. इसाकचाचांना विचारा. आणि आल्यावर अप्पांना सांगितलं मी. अप्पांना सगळं माहीत होतं.”

इसाकचाचा मागून म्हणाले, “बिलकुल. मैं गवाह हूँ. पोरगी माझ्याच गाडीत होती.” निम्मं खरं होतं, आणि चाचांनी तेवढ्याचीच साक्ष दिली.

अप्पा थांबले. मी जिथून बोलले तिकडे त्यांनी तोंड वळवलं. मला वाटलं, आता विचारतील, काय बोलतेस तू? मग ते हळूच खाली बसले, टोपी नीट केली आणि म्हणाले, “हां. माहीत होतं.”

“मंग गावभर डोळ्यांचा डॉक्टर, डोळ्यांचा डॉक्टर का सांगत फिरला?” नाना काही सोडायला तयार नव्हते.

“डोळ्यांचाच हाय. तुम्ही इचारलं का, कोनाचे डोळे? न्हाई इचारलं. मग मी कशाला सांगू?” आणि चंदरकडे हात करून म्हणाले, “का, वेलीला जीव न्हाई? तिला रोग पडत न्हाई? पेशंट बोलत न्हाई, कन्हत न्हाई, तरी दुखनं वळखायचं. मानसांच्या डॉक्टरला जमंल का? चला, पुडा आना. साखरेला मुंग्या लागतील.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बयाबाईंचा म्हातारा एवढा मोठ्यांदा हसला की त्याची कवळी निघाली. नाना बसले. ताईच्या ओटीत पुडा पडला.

जेवणं झाल्यावर दाजी (आता दाजीच म्हणणार, करणार काय) अप्पांजवळ येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “मामा, मी डॉक्टर नाही. पण तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. बुधवारी नाशिकला जाऊ. द्वारका चौकात उतरलं की तिथून मी रिक्षा करतो. इंदिरानगरला माझी बहीण राहते, आठ दिवस तिच्याकडे राहायचं.” अप्पा म्हणाले, “मला काय धाड भरलीय?” दाजी तिथंच मांडी घालून बसले. शेवटी अप्पा म्हणाले, “बुधवारी का? बरं.”

पाहुणे गेले. मी अंगणातल्या पत्रावळी गोळा करत होते. अप्पा ओट्यावर बसले होते. म्हणाले, “पल्ले, इकडं ये. तूच ना?”

“मीच.”

“कवा सांगितलं तू मला?”

मला खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. म्हटलं, “सांगायला आले होते. गोठ्यात. तुम्ही मला ताई समजलात.”

अप्पा बोटं एकमेकांत गुंतवून बसले. मग म्हणाले, “सगळं ऐकलंस?”

“सगळं.”

“बरं झालं. तुझ्या तोंडावर मला कधी बोलता आलं नसतं.” टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “मग आता तूच सांग. जाऊ द्यायचं का तिला?”

या घरात मला कोणी कधी काही विचारलेलं नाही. भाजी कोणती करायची तेसुद्धा नाही. मी पत्रावळी खाली ठेवल्या.

“जाऊ द्या,” म्हटलं. आणि मग जी रडायला लागले ती थांबताच येईना, ताई अंजिरी साडीत तशीच धावत बाहेर आली, “काय झालं, काय झालं” करत. अप्पा तिला म्हणाले, “काय झालं न्हाई. मोठी झाली ती.”